पाळण्यातले पाय आणि पुढची चाळीस वर्षं

पालकांच्या एका कार्यक्रमात बोलून खाली उतरले, तर एक आई कोपऱ्यात थांबलेली. मुलगा सहा वर्षांचा. तो तीन वर्षांचा होईपर्यंत तिची फिरतीची नोकरी, त्यामुळे तो आजीकडेच वाढला. पिशवीचा बंद पिळत तिने विचारलं, “पहिली पाच वर्षं तर गेली. आता काही केलं तरी उपयोग नाही ना, मॅडम?”

हा प्रश्न मला दर दोन-चार महिन्यांनी कुणी तरी विचारतंच. राग येतो तो विचारणाऱ्या आईचा नाही. तिच्या मनात हे भरवणाऱ्यांचा येतो. ‘मेंदूची ९० टक्के वाढ पाच वर्षांत होते’ हे वाक्य बालवाडीच्या जाहिरातींपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत फिरतं आहे. अहो, ते ९० टक्के मेंदूच्या आकारमानाचे आहेत! पेशींमधली नवी जोडणी, बिनकामाच्या दुव्यांची छाटणी पुढे कितीतरी वर्षं चालते. पुढचा विचार करणारा, स्वतःला आवर घालणारा कपाळामागचा भाग तर पंचविशीच्या आसपास पक्का होतो.

व्यक्तिमत्त्वाची मूस पाच-सहा वर्षांत ठरते, हे म्हणणं फ्रॉइडचं. ते त्याने मुलांना वाढताना पाहून मांडलं नव्हतं, मुख्यतः मोठ्या रुग्णांच्या आठवणींवरून मांडलं होतं. त्याच परंपरेत, अ‍ॅना फ्रॉइडच्या हाताखाली व्हिएन्नात शिकलेल्या एरिक एरिकसनने १९५० साली ‘चाइल्डहुड अँड सोसायटी’ या पुस्तकात आयुष्याचे आठ टप्पे सांगितले. त्यातले शेवटचे तीन मोठेपणाचे आहेत. बाळपणीचा विश्वास-अविश्वासाचा हिशेब त्याच वयात कायमचा मिटतो, असं त्याने मानलंच नाही. तो गेल्यावर १९९७ साली त्याची पत्नी जोन हिने ऐंशी-नव्वदीतला नववा टप्पाही जोडला.

तरी ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ म्हणणाऱ्यांनी हवाईतल्या काउआई बेटावरचं काम वाचावं. तिथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी चाळिशीपर्यंत माग ठेवला. त्यातली जवळपास तीस टक्के मुलं सर्व बाजूंनी अडचणीत होती: गरिबी, अवघड बाळंतपण, घरात भांडणं, दारू, आई-वडिलांचा मानसिक आजार. यातली एक-तृतीयांश मुलं मोठेपणी कर्तबगार आणि मायाळू निघाली. त्यांच्या आयुष्यात बहुतेक वेळा जीव लावणारं एक तरी माणूस होतं. आई-वडील नसतील तर आजी, मोठं भावंड, शेजारी, एखादे शिक्षक. उरलेल्यांपैकी पुष्कळांना अठरापर्यंत शिक्षणात, वागण्यात अडचणी आल्या, काही पोलिसांपर्यंत गेले. पण तिशी-चाळिशीत त्यांच्यातलेही बहुतेक मार्गी लागलेले आढळले. कुणी पुन्हा कॉलेजात गेलं, कुणी सैन्यात, कुणाला चांगला जोडीदार मिळाला.

म्हणून सुरुवातीची वर्षं क्षुल्लक ठरत नाहीत. रुमानियाच्या अनाथालयांतून ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा मायकेल रटर आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला. सहा महिन्यांच्या आत बाहेर पडलेली मुलं जवळपास इतरांसारखीच वाढली. जास्त काळ राहिलेल्यांपैकी अनेकांना लक्ष लागणं, माणसांशी जुळवून घेणं तरुणपणीही जड गेलं. मात्र बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडलेली ही मुलं तरुण होईपर्यंत बरोबरीला आली, आणि दर पाचातल्या एकाला कुठलीच अडचण दिसली नाही. शिवाय ती उपेक्षा भयंकर होती: पाळण्यात पडून राहिलेली, कुणी न उचललेली, अर्धपोटी मुलं. आजीच्या मांडीवर वाढलेल्या पोराशी त्यांची तुलना करणं हा त्या आजीवरही अन्याय आहे. त्या आईला मी हेच सांगितलं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. मुलांच्या विचारशक्तीच्या वाढीचे जे टप्पे मानसशास्त्रज्ञ पिआजेने सांगितले, त्यांची वयं अंदाजे आहेत. सात वर्षांचं मूल तर्क करताना अजून गोंधळत असेल तर ते मागे पडलं असं नाही. मोत्सार्ट ऐकवून बाळ हुशार होत नाही: १९९३चा तो मूळ प्रयोग कॉलेजच्या ३६ विद्यार्थ्यांवर होता, आणि परिणाम टिकला दहा-पंधरा मिनिटं. चाळिशीत प्रत्येकाला संकट येतं हेही खरं नाही. एलियट जॅक्सने १९६५ साली ‘मिडलाइफ क्रायसिस’ हा शब्द रूढ केला तो कलावंतांच्या चरित्रांवरून. आणि विशीनंतर बुद्धी सरसकट उतरते म्हणणाऱ्यांसाठी हार्टशॉर्न आणि जर्मीन यांचा २०१५चा अभ्यास आहे: झटपट आकलन अठरा-एकोणीसला शिखरावर असतं, समोरच्याच्या डोळ्यांतली भावना ओळखणं चाळिशी-पन्नाशीत, शब्दसंपत्ती तर साठीनंतर.

शेवटचा गैरसमज मात्र दुखावणारा आहे. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉसने १९६९ सालच्या पुस्तकात मांडलेले दुःखाचे पाच टप्पे मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून सुचलेले होते, मागे राहिलेल्यांशी बोलून नव्हे. ते सगळ्यांना त्याच क्रमाने येत नाहीत, काहींना येतच नाहीत. नवरा जाऊन महिना झालेल्या बाईला “तू अजून रडली नाहीस, हे बरं लक्षण नाही” असं सुनावण्याला त्या पुस्तकात काहीही आधार नाही.