‘ढील दे’ म्हणता, पण कुठल्या दोरीला?

वाऱ्याचा जोर वाढला की किनाऱ्यावर उभा असलेला कोणी ना कोणी डिंगीतल्या नवख्याला ओरडून सांगतोच, ‘ढील दे, ढील दे!’ तो बिचारा हाताशी येईल ती दोरी सोडतो. आउटहॉल सुटतो, कनिंगहॅम सुटतो, शिडाचं पोतं होतं आणि पुढच्याच झोतात नाव आडवी. एवढं होऊनही किनाऱ्यावरच्या जाणकारांचं मत ठरलेलं असतं: ढील कमी पडली.

दोरी घट्ट म्हणजे जोर जास्त आणि सैल म्हणजे जोर कमी, हा समज इतका पक्का आहे की वर्षानुवर्षं नाव चालवणारेही तो बिनधास्त पुढच्यांना देतात. मेनशीटपुरतं ते बरोबर आहे. मेनशीट मुख्यतः शीड वाऱ्याला कुठल्या कोनात धरायचं ते ठरवते. सोडली की शीड बाहेर जातं, जोर उतरतो. पण आउटहॉल, कनिंगहॅम आणि व्हँग या तीन दोऱ्या शिडाचा आकार ठरवतात, आणि वाऱ्यावर चढताना त्यांचा हिशेब बरोबर उलटा असतो. त्या आवळल्या की शीड सपाट होतं आणि जोर कमी होतो. सोडल्या की शीड फुगतं आणि जोर वाढतो.

लेझरचं उदाहरण घेऊ. तिचं अधिकृत नाव आता आयएलसीए असलं तरी बोलताना सगळे लेझरच म्हणतात. ब्रूस कर्बी यांनी आराखडा केलेली ही नाव 1996पासून ऑलिंपिकमध्ये आहे. टोकियो आणि पॅरिसला विष्णू सरवणन आणि नेत्रा कुमानन हिच्यावरच उतरले होते. नावेत एकच माणूस. मोठ्या प्रकारात शीड 7.06 चौरस मीटरचं, आणि डोलकाठीला एकही ताण दिलेला नाही, त्यामुळे ती सहज वाकते. वारा 8 नॉटचा 16 झाला की शिडावरचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. बाहेर झुकलेल्या माणसाचं वजन मात्र तेवढंच राहतं. उरलेला जोर नाव आडवी करण्यात जातो, म्हणून तो शिडातूनच काढावा लागतो.

आउटहॉल ओढला की शिडाचा मागचा कोपरा बूमच्या, म्हणजे शिडाखालच्या आडव्या काठीच्या, टोकाकडे जातो आणि खालचा भाग सपाट होतो. मध्यम वाऱ्यात शिडाची खालची कड आणि बूम यांत साधारण वीतभर अंतर ठेवतात. जोराच्या वाऱ्यात ते बरंच कमी करतात. जोराच्या वाऱ्यात शिडाची खोली मागे सरकते. कनिंगहॅम डोलकाठीकडची कड खाली ताणून ती पुन्हा पुढे आणतो आणि वरची मागची कड मोकळी करतो. ओढायचा म्हणजे किती? शिडातलं त्याचं भोक थेट बूमपर्यंत खाली येईल इतका. नवखे दोन बोटं ओढून थांबतात.

खरी मेख व्हँगमध्ये आहे. ‘बूम वर उठू नये म्हणून असतो तो,’ असं सांगून लोक मोकळे होतात. लेझरवर व्हँग आवळला की बूम पुढे रेटला जातो आणि डोलकाठी वाकते. शीड शिवतानाच पुढच्या कडेला जास्तीचं कापड वक्राकार सोडलेलं असतं. वाकलेली काठी ते कापड पुढे ओढून घेते आणि शिडाचा पोटाचा भाग सपाट होतो. आता झोत आला आणि मेनशीट सोडली, तर बूम आडवाच बाहेर जातो, काठी वाकलेलीच राहते. व्हँग सैल असेल तर तीच मेनशीट सोडताच बूम वर उठतो, काठी सरळ होते आणि नको त्या क्षणी शीड फुगतं. म्हणजे ‘ढील दे’ हा सल्लासुद्धा व्हँग घट्ट असेल तरच कामाचा.

आता बाकीचे समज.

कनिंगहॅम सुरकुत्या घालवण्यासाठी असतो? अमेरिकेच्या ब्रिग्स कनिंगहॅम यांनी ही युक्ती काढली. 1958 साली अमेरिकाज कप जिंकणाऱ्या ‘कोलंबिया’चे ते कप्तान. त्यांना शिडाच्या इस्त्रीची चिंता नव्हती. मंद वाऱ्यात डोलकाठीलगतच्या आडव्या सुरकुत्या राहू द्याव्यात.

मंद वाऱ्यात शीड जितकं फुगीर तितकं चांगलं? अगदीच मरगळलेली हवा खोल वळणाला चिकटून वाहू शकत नाही, मध्येच सुटते. तेव्हा आउटहॉल थोडा आवळावाच लागतो.

शिडाबाहेरच्या हवेला लांबचा रस्ता असतो, म्हणून ती धावत जाऊन आतल्या हवेला गाठते? दोघींना एकाच वेळी पोचायचं बंधन मुळीच नाही. विमानाच्या पंखाबाबतच्या याच कल्पनेला नासाचं शैक्षणिक पान सरळ ‘चुकीचा सिद्धांत’ म्हणतं.

पाठवाऱ्यात व्हँग पूर्ण सोडायचा? मग शिडाचा वरचा भाग डोलकाठीच्या पुढे पिळतो आणि नाव वाऱ्याच्या बाजूला लोळते. माणूस पाठीवर पाण्यात. सोडायचा तो थोडा, तोही नाव पाठवाऱ्याला वळवण्याआधी, नाहीतर वळताना बूमचं टोक पाण्यात घुसतं.

जास्त पुली म्हणजे जास्त सोय? चौपट जोर मिळवायचा तर दोरीही चौपट ओढावी लागते, आणि प्रत्येक पुली घर्षणात आपला वाटा खाते. मंद वाऱ्यात आउटहॉल सोडला तरी शिडाचा कोपरा जागचा हलत नाही, तो याच घर्षणामुळे. त्यावर इलाज स्वस्तातला आहे: कोपऱ्याला एक रबरी दोरी बांधून ती डोलकाठीकडे ताणून ठेवायची. आउटहॉल सुटला की कोपरा आपोआप पुढे येतो.