डाव आपल्यावर येईपर्यंत

जून २०२५ मध्ये ‘नीट’चा निकाल लागला आणि आमचा नातू लातूरहून आपली ट्रंक, गादीची वळकटी आणि पुस्तकांची दोन खोकी घेऊन धाराशिवला आमच्याकडे आला. आईवडिलांकडे पुण्याला गेला नाही. दोन वर्षं लातूरच्या वसतिगृहात राहून तो या परीक्षेची तयारी करत होता. गुण किती पडले ते सांगण्यात अर्थ नाही. सरकारी महाविद्यालयाला पुरेसे नव्हते, एवढं पुरे. मराठवाड्यात आज अशी घरं इतकी आहेत की पुढचं चित्र मी रंगवून सांगायला नको. जेवायला हाक मारली की यायचं, विचारलं तेवढंच बोलायचं आणि पुन्हा माडीवरच्या खोलीत जायचं.

आठवडाभरानं मुलाचा फोन आला. ‘‘अण्णा, तो दिवसभर ते जपानी गेमच खेळत बसतो, असं आई सांगत होती. ते यंत्र काढून घ्या आणि कपाटात ठेवून द्या. तुमचं ऐकेल तो.’’

मी बँकेत पस्तीस वर्षं काढली. जप्ती करायची तर आधी पंचनामा करावा, एवढी शिस्त अंगात मुरलेली आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी चहाचा कप घेऊन मी माडीवर गेलो आणि त्याच्या शेजारी बसलो.

व्हिडिओ गेम म्हणजे धाडधाड गोळ्या, किंकाळ्या आणि रक्त, अशी माझी समजूत होती. टीव्हीवर मात्र एक छोटंसं गाव दिसत होतं. चार माणसं दिंडीतल्यासारखी एकामागोमाग चालत होती. गावाबाहेर पडली, माळावर आली आणि अचानक समोर निळ्या थेंबासारखा एक जीव उभा राहिला. तोंड मात्र हसरं. पडद्यावर चौकट उमटली. तीत शब्द होते : हल्ला, मंत्र, बचाव, वस्तू. इंग्रजीत होते, मी अर्थ सांगतो आहे. त्यानंतर सगळं स्तब्ध.

‘‘बंद पडलं काय रे?’’

‘‘नाही आबा. डाव आपल्यावर आहे. आपण सांगेपर्यंत तो थांबतो.’’

‘‘राक्षस थांबतो?’’

‘‘थांबतो की.’’

‘‘किती वेळ?’’

‘‘कितीही. तुम्ही खाली जाऊन दुसरा कप घेऊन आलात तरी थांबेल.’’

मला त्या क्षणी आठवला तो त्याच्या परीक्षेचा आकडा. १८० प्रश्न आणि १८० मिनिटं. मिनिटाला एक प्रश्न, त्यातच उत्तराचं वर्तुळ काळं करायचं आणि चुकलं तर एक गुण वजा. दोन वर्षं तो पोरगा घड्याळाशी कुस्ती खेळत होता. आणि इथं राक्षससुद्धा त्याच्यासाठी थांबायला तयार होता. यंत्र कपाटात ठेवण्याचा विचार मी त्याच दुपारी सोडून दिला. मुलाला मात्र ते लगेच सांगण्याचं धैर्य झालं नाही.

या खेळाचं नाव ‘ड्रॅगन क्वेस्ट’. पुढचे काही दिवस मी नातवाला विचारून आणि स्वतः वाचून त्याची कुंडली काढली. पहिला भाग जपानमध्ये २७ मे १९८६ रोजी आला. रचनाकार युजी होरी. हा मुळात लेखक, ‘शोनेन जम्प’ या मुलांच्या चित्रकथांच्या साप्ताहिकात लिहिणारा. चित्रं अकिरा तोरियामा यांची, म्हणजे ज्यांच्या ‘ड्रॅगन बॉल’नं आपल्याकडच्याही पोरांना वेड लावलं तेच. संगीत कोइची सुगियामा यांचं. सुगियामा २०२१ मध्ये गेले, तोरियामा २०२४ मध्ये. होरी मात्र आहेत आणि अजून तोच खेळ रचत आहेत.

गंमत अशी, की ज्याला आज सगळे ‘परंपरागत जपानी घाट’ म्हणतात तो मुळात जपानी नाहीच. १९७४ मध्ये अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ निघाला. त्याच्यावरून १९८१ मध्ये ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ हे संगणकावरचे खेळ आले. एकातली लढाई आणि दुसऱ्यातला नकाशा होरींनी घेतला आणि दोन्ही इतके सोपे केले की शाळकरी पोराला जमावेत. दुसऱ्याच्या विहिरीचं पाणी आपल्या माठात गार करून प्यायचा हा प्रकार आपल्यालाही नवा नाही.

तो घाट चाळीस वर्षांत फारसा हललेला नाही. गाव, गावाबाहेर माळ, माळापलीकडे गुहा, गुहेच्या तळाशी एक दांडगा राक्षस. जखमी झालात तर धर्मशाळेत मुक्काम करा, सकाळी ठणठणीत. प्रत्येक लढाईमागे थोडा अनुभव आणि थोडं सोनं. तलवारीची किंमत दुकानदार सांगतो, तेवढे पैसे नसतील तर माळावर जाऊन आणखी लढा.

इथं माझ्यातला बँकवाला जागा झाला. हे तर आवर्ती ठेवीचं खातं! आज शंभर, उद्या शंभर; फळ हळूहळू येतं, पण येतंच. वशिला नाही, पेपरफुटी नाही. तिसऱ्या भागात तर चक्क एक पेढी आहे. सगळे साथीदार लढाईत पडले तर मूळ खेळात जवळचं निम्मं सोनं जातं. पेढीत ठेवलेलं मात्र सुरक्षित राहतं. ठेव हजाराच्या पटीतच घेतात आणि व्याज देत नाहीत. नातवाला म्हटलं, ‘‘असली पेढी रिझर्व्ह बँक चालू देणार नाही.’’ निकालानंतर तो पहिल्यांदा हसला.

पण मला खरं धरून ठेवलं ते एका जुन्या तपशिलानं. पहिल्या दोन भागांत खेळ साठवून ठेवायची सोयच नव्हती. थांबायचं असेल तेव्हा पडद्यावर एक मंत्र उमटे. पहिल्या भागात वीस अक्षरांचा, दुसऱ्यात बावन्न अक्षरांपर्यंतचा, आणि अर्थ काहीच नाही. जपानी पोरं तो वहीत उतरवून घेत. दुसऱ्या दिवशी तो हुबेहूब घातला तरच कालच्या जागी पोचता येई. एक अक्षर चुकलं की महिनाभराची कमाई गेली. घरोघर पोरं रडली असतील. १९८८ च्या तिसऱ्या भागात छोटी बॅटरी बसवली आणि मंत्र संपला.

ते वाचताना मला १९९३ साल आठवलं. ३० सप्टेंबरच्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला तेव्हा मी उमरगा तालुक्यातल्या एका शाखेत होतो. गावंच्या गावं दगडमातीखाली गेली. काही दिवसांनी एक बाई शाखेत आल्या. नवरा गेला होता, घर गेलं होतं, पासबुक घराखाली होतं. खाते क्रमांक त्यांना कधीच माहीत नव्हता. काउंटरला धरून त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘साहेब, माझं अजून तिथं हाय का?’’

आम्ही लेजर काढलं. नावावरून, गावावरून, नवऱ्याच्या नावावरून पान शोधलं. अंगठ्याचा ठसा ताडून पाहिला. शिल्लक चारशेच्या आसपास होती. मी आकडा वाचून दाखवला तेव्हा त्या मटकन खाली बसल्या आणि रडू लागल्या. चारशे रुपयांसाठी माणूस असा रडत नाही, हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली. सगळं गेल्यावरही कुठंतरी एका पानावर आपण होतो त्याच जागी आहोत, हे त्यांना हवं होतं. नातू खेळ थांबवताना चर्चमधल्या पाद्र्यासमोर उभा राहून नोंद करतो आणि नोंद झाली की हलकेच मान डोलावतो, तेव्हा मला त्या बाई दिसतात.

या घाटाला कंटाळणारे लोक आहेत, आणि त्यांचं सगळंच चूक आहे असं मला वाटत नाही. तलवारीसाठी तीच ती निळी पिल्लं साठ वेळा मारत बसायचं, हा काही पुरुषार्थ नव्हे. दुसऱ्या आठवड्यात मी तिथंच बसून डुलक्या काढत होतो. याच घराण्यातल्या ‘फायनल फँटसी’नं (पहिला भाग १९८७) तर ही वाट सोडूनच दिली. २०२३ मध्ये आलेला तिचा सोळावा भाग थेट हातघाईचा आहे. आळीपाळीचा खेळ आजच्या तरुणांना आवडेनासा झाला आहे, अशी शंका त्याचे निर्माते नाओकी योशिदा यांनी बोलून दाखवली होती. त्यानंतर काय झालं पाहा. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’चा तोच १९८८ चा तिसरा भाग नव्या रंगरूपात आला आणि जुन्या-नव्यांनी उचलून धरला. माझ्यासमोर चालला होता तो हाच. एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्समधल्या एका छोट्या मंडळीनं ‘एक्सपिडिशन ३३’ हा आळीपाळीचाच खेळ काढला, त्याच्या पहिल्या तीन दिवसांत दहा लाख प्रती खपल्या. त्यात वार चुकवायला चपळाई लागते हे खरं, पण आपला डाव आला की तिथंही काळ थांबतो.

तुळजापूरच्या वाटेवरच्या आम्हा लोकांना याचं नवल वाटू नये. गोंधळ्यांनी दिवटी पेटवली, संबळ आणि तुणतुणं सुरू झालं, की आधी सगळ्या देवांना आवतण आणि मग आख्यान, हा क्रम आम्हाला पाठ असतो. आख्यानाचा शेवटही पाठ असतो. तरी माणसं पहाटेपर्यंत बसतात. गोष्ट कुठं जाणार हे ठाऊक असलं, की आज हा गोंधळी ती कशी नेतो इकडे लक्ष देता येतं. सारीपाटाचंही तेच. वेरूळच्या लेण्यांत शिवपार्वती फासे खेळताना कोरलेले आहेत. समोरच्याचं दान पडेपर्यंत थांबायचं, हा नियम देवालाही चुकला नाही.

खेळाच्या नकाशावर आपला देशही निघाला. तिसऱ्या भागाचं जग पृथ्वीच्या नकाशावरच बेतलेलं आहे आणि त्यात ‘बहाराता’ नावाचं गाव आहे. पोर्तुगालसारख्या देशाच्या राजाला तिथली काळी मिरी हवी असते. ती आणून दिली की तो जहाज देतो. मी नातवाला म्हटलं, आपल्या जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात ते पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर म्हणून नोंदलेलं आहे, आणि तिथला माल गाड्यांनी भडोचच्या बंदराला जात असे. ‘‘म्हणजे आपण पण नकाशावर होतो,’’ तो म्हणाला. पुढच्या रविवारी आम्ही तेरचं वस्तुसंग्रहालय बघून आलो. निकालानंतर तो पहिल्यांदाच घराबाहेर पडला होता.

आता थोडं माझ्याविषयी. या खेळात सुरुवातीला एका खानावळीत आपले साथीदार आपणच निवडायचे असतात, नावंही आपणच द्यायची. मला न सांगता त्यानं एका पांढऱ्या मिशीच्या व्यापाऱ्याला ‘आबा’ हे नाव देऊन ठेवलं होतं. हा आबा लढाईत यथातथाच, पण लढाईनंतर चार नाणी जास्त शोधून आणायचा. मला तो आवडला.

जुलैतल्या एका संध्याकाळी ते एका ओसाड माळावर पोचले. तिथं एकटा म्हातारा होता. त्याला तिथं गाव वसवायचं होतं आणि त्यासाठी एक व्यापारी हवा होता. ‘देता का तुमचा?’ एवढाच प्रश्न. खाली ‘होय’ आणि ‘नाही’.

‘‘दिल्याशिवाय पुढं जाता येत नाही आबा,’’ नातू म्हणाला. ‘‘पण दिला की तो इथंच राहतो. गाव मोठं होतं आणि मग गावकरी त्यालाच तुरुंगात टाकतात.’’

‘‘कर्जवसुली फार केली असणार,’’ मी म्हटलं.

तो हसला नाही. हातातली कळ खाली ठेवली आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग उठला, खिशातला फोन काढला आणि जिन्यातून खाली गेला. खिडकीतून मला तो अंगणात लिंबाखाली उभा दिसत होता. ‘‘पप्पा,’’ एवढं ऐकू आलं. पुढचं ऐकू आलं नाही. खाली दिवा लागला, आमच्या घरात पानं मांडल्याचा आवाज झाला, तरी तो बोलतच होता.

पडद्यावर ‘होय’ आणि ‘नाही’ तसेच उभे होते. मी टीव्ही बंद केला नाही.