हॅलेडनच्या गॅलरीसमोर बाबा

बाबा आमच्याकडे वेस्ट विंडसरला आले की पहिला महिना बरा जातो. मग ‘इथे रस्त्यावर माणसंच दिसत नाहीत रे’ सुरू होतं. मंदिर, मॉल, प्रिन्सटन, न्यूयॉर्क सगळं दाखवून झालं होतं. म्हणून एका शनिवारी त्यांना गाडीत बसवून उत्तरेकडच्या हॅलेडन गावात नेलं. तिथे बोटो नावाच्या इटालियन विणकर कुटुंबाचं जुनं घर आहे. आता त्यात कामगार चळवळीचं संग्रहालय आहे. बाबा मुंबईतले गिरणी कामगार. १९८२च्या संपात त्यांची नोकरी गेली ती गेलीच. म्हटलं, त्यांना आवडेल.

शेजारचं पॅटरसन हे एकेकाळचं रेशमाच्या गिरण्यांचं शहर. २५ फेब्रुवारी १९१३ रोजी तिथे मोठा संप सुरू झाला. सुमारे ३०० गिरण्या आणि रंगाचे कारखाने बंद पडले, २४ हजारांच्या आसपास कामगार बाहेर आले. आठ तासांचा दिवस हवा ही एक मागणी. आणि एका विणकराने दोनाऐवजी चार माग सांभाळायचे, या नव्या पद्धतीला विरोध. पॅटरसनमध्ये पोलिस सभा होऊ देत नव्हते. हॅलेडनचा महापौर समाजवादी होता, म्हणून रविवारी सगळे चालत इथे येत. या घराच्या वरच्या गॅलरीतून वक्ते बोलायचे आणि समोर हजारोंची गर्दी.

बाबा गॅलरीकडे बघत म्हणाले, ‘‘दोनाचे चार साचे? अरे, ही तर आपलीच भानगड!’’ मागाला ते अजून साचाच म्हणतात. खरंच, मुंबईतल्या १९२८च्या मोठ्या संपातही एका माणसावर जास्त साचे लादण्याचाच वाद होता.

मग मी त्यांना व्हॅलेंटिनो मोडेस्टिनोची गोष्ट सांगितली. १७ एप्रिल १९१३ रोजी कारखान्याच्या रखवालीसाठी भाड्याने आणलेल्या खासगी डिटेक्टिव्हांनी संपवाल्यांच्या दिशेने गोळ्या झाडल्या. मोडेस्टिनो संपातलाही नव्हता. आपल्या घराच्या दाराशी उभा होता. गोळी लागून तो गेला.

‘‘मारणाऱ्याला काय झालं?’’

‘‘कुणालाही शिक्षा झाली नाही.’’

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘डॉक्टरांचंही तसंच.’’

आमच्या घरात ‘डॉक्टर’ म्हणजे दत्ता सामंत. घाटकोपरला दवाखाना चालवताना दगडखाणीतल्या मजुरांचे हाल बघून ते युनियनमध्ये उतरले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्यांच्या मागे गेले. तो संप चुकला की मोडला, यावर आमच्या चाळीत अजून भांडणं होतात. बाबांनाही डॉक्टरांचे सगळे निर्णय पटलेले नाहीत. पण १६ जानेवारी १९९७चा दिवस मला आठवतो. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. डॉक्टर पवईच्या घरातून गाडीने निघाले होते. वाटेत एका सायकलवाल्यामुळे गाडीचा वेग कमी झाला आणि मारेकऱ्यांनी जवळून गोळ्या घातल्या. संध्याकाळी बाबा दारात चप्पल न काढताच बसून होते.

या खटल्यात छोटा राजनवर कटाचा आरोप होता. जुलै २०२३मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने पुराव्याअभावी त्याची निर्दोष मुक्तता केली. महत्त्वाचे साक्षीदार उलटले होते. खुनाला तोवर २६ वर्षं होऊन गेली होती.

ही यादी डॉक्टरांपासून सुरू होत नाही आणि तिथे संपतही नाही. लालबाग-परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून ५ जून १९७०च्या रात्री झाला. भिलाईत शंकर गुहा नियोगी यांना २८ सप्टेंबर १९९१ रोजी, झोपेत असताना खिडकीतून गोळी घातली. खालच्या कोर्टाने उद्योगपतींसह सहा जणांना दोषी धरलं, हायकोर्टाने सगळ्यांना सोडलं. २००५मध्ये सुप्रीम कोर्टात शिक्षा टिकली ती फक्त गोळी झाडणाऱ्याची. कोल्हापुरात आयुष्यभर कामगारांची बाजू लढवणाऱ्या गोविंद पानसरेंवर १६ फेब्रुवारी २०१५ला सकाळी फिरून येताना गोळ्या झाडल्या. चार दिवसांनी ते गेले.

काही ठिकाणी माणूस आधी उचलून नेतात. अमेरिकेतल्या ब्यूट गावात खाणीच्या आगीत १६८ कामगार मेल्यावर संप झाला. तिथे आलेल्या फ्रँक लिटल या संघटकाला १ ऑगस्ट १९१७च्या पहाटे मुखवटे घातलेल्या माणसांनी खोलीतून ओढून नेलं आणि रेल्वेच्या पुलाला फाशी दिलं. त्याच्या तीन आठवडे आधी ॲरिझोनातल्या बिस्बीत सुमारे १२०० माणसांना, त्यांत बहुतेक संपकरी खाणकामगार, बंदुकीच्या धाकाने मालगाडीत कोंबून न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात सोडून दिलं. हे फक्त जुन्या काळातलं समजू नका. बांगलादेशात कपड्यांच्या कारखान्यांतल्या कामगारांना संघटित करणारा अमिनुल इस्लाम ४ एप्रिल २०१२ला बेपत्ता झाला. दुसऱ्या दिवशी जवळपास १०० किलोमीटरवर त्याचं प्रेत सापडलं, अंगावर छळाच्या खुणा होत्या. त्या देशात शिवलेले शर्ट आपण इथल्या दुकानांतून सेलमध्ये घेतो.

परतीच्या वाटेवर मी बाबांना विचारलं, ‘‘एका माणसाला मारून काय मिळतं? युनियन तर हजारोंची असते.’’

बाबा म्हणाले, ‘‘हजारो असतात, पण मालकासमोर जाऊन बोलणारा एकच असतो. त्याला उडवला की बाकीचे आपापल्या बायकामुलांचा विचार करायला लागतात. मीपण केला. डॉक्टर गेल्यावर मी पुन्हा कुठल्या युनियनची पावती फाडली नाही.’’

मी काही बोललो नाही, कारण मला माझीच गोष्ट आठवली. दोन वर्षांपूर्वी आमच्या टीममधल्या एकाने रात्रीच्या ऑन-कॉल ड्यूटीचा मोबदला मिळावा म्हणून एक पत्र तयार केलं होतं. आम्ही अकरा जणांनी नावं घातली. माझं ग्रीन कार्ड रांगेत, नोकरी गेली तर एच-वन-बीवाल्याला जेमतेम ६० दिवस मिळतात. दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी मी नाव काढून घेतलं. माझ्यामागोमाग आणखी चौघांनी काढलं. चार महिन्यांनी कपात झाली, तिच्यात पत्र लिहिणारा होता. कारण वेगळंच सांगितलं होतं आणि माझ्याकडे कसला पुरावा नाही.

खरं तर इथल्या १९३५च्या कायद्याने युनियन नसली तरी सहकाऱ्यांनी मिळून पगाराबद्दल, कामाच्या अटींबद्दल बोलण्याला संरक्षण आहे आणि ते व्हिसावाल्यांनाही लागू आहे. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायचा प्रयत्नही मी केला नव्हता. माझ्यावर कुणी बंदूक रोखली नव्हती. पॅटरसन आणि पवईच्या लोकांसमोर माझी भीती फारच स्वस्तातली होती.

हे सगळं मी बाबांना गाडीतच सांगितलं. वाटलं, रागावतील. ते इतकंच म्हणाले, ‘‘त्या मुलाला नंतर फोन केलास का?’’

केला नव्हता. त्या रात्री केला. त्याला दुसरीकडे नोकरी लागली आहे, आवाज बरा होता. मी माफी मागितली. तो म्हणाला, ‘‘तुझी अडचण कळत होती मला. पण पहिलं नाव तुझं गेलं ना, ते लागलं.’’

बाबांनी त्या दिवशी गॅलरीखाली उभं राहून फोटो काढून घेतला. तो आता त्यांच्या जुन्या गिरणीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय. खाली एकाने विचारलंय, ‘‘तिकडे घर जपून ठेवलं, आपल्या गिरण्यांचं काय ठेवलं?’’ बाबांनी अजून उत्तर लिहिलेलं नाही.