नेचा, घोळणा आणि घरातली कोरडी हवा

मंडळी, दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत एका रात्री दोन वाजता आमच्या चार वर्षांच्या लेकीचा घोळणा फुटला. उशी लाल झालेली, आम्ही दोघे घाबरलेलो, आणि ती मात्र ‘माझं नाक गळतंय’ म्हणून शांत. आठवड्यात असे तीनदा झाले तेव्हा डॉक्टरांकडे नेले. त्यांनी नाक तपासले, काळजीचे कारण नाही म्हणाल्या आणि एकच प्रश्न विचारला : घरातली हवा किती कोरडी आहे? याचे उत्तर आमच्याकडे नव्हते.

मित्रमंडळींत विषय निघताच सल्ले आले. नाकात तूप घाला, हीटरवर पातेले ठेवा. आणि सगळ्यांत जास्त आग्रहाचा सल्ला : घरात झाडे ठेवा, हवा शुद्ध होते, ओलावा येतो, नासाने सिद्ध केले आहे. नासाचे नाव निघाले की आमच्यासारखा इंजिनिअर विरघळतो. त्याच शनिवारी पंधरा डॉलर देऊन मी ‘बॉस्टन फर्न’ घेऊन आलो. फर्न म्हणजे आपला नेचा. राहतो बॉस्टनच्या उपनगरात, तेव्हा हे झाड इथले, इथे जगेलच, असा माझा हिशेब.

हिशेब साफ चुकला. ह्या नेच्याचे घराणे फ्लोरिडा, वेस्ट इंडीज आणि मध्य व दक्षिण अमेरिकेच्या दमट जंगलांतले. 1894 साली फिलाडेल्फियाहून बॉस्टनकडे आलेल्या नेच्यांच्या मालात हा झुकत्या पानांचा वेगळा प्रकार सापडला, एवढाच त्याचा ह्या गावाशी संबंध. म्हणजे आपल्यासारखाच : पत्ता बॉस्टनचा, प्रकृती पावसाळी प्रदेशातली. तीन आठवड्यांत त्याची पाने टोकाकडून तपकिरी झाली आणि कार्पेटवर त्यांचा भुगा पडू लागला. दुसरा आणला, तो हीटरच्या जाळीपासून लांब ठेवला, दिवसातून चारदा पाणी फवारले. तोही गेला. तिसऱ्याच्या वेळी आई चिपळूणहून आलेली होती. ती म्हणाली, ‘अरे, आपल्याकडे विहिरीच्या भिंतीत हंसराज उगवतो, त्याला कोण पाणी घालतं? त्याला पाणी नको, विहीर हवी.’

हे वाक्य डोक्यात बसले. मग दहा डॉलरचा हायग्रोमीटर आणला, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजायचे साधन. आकडा निघाला 17 टक्के. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची घरासाठीची शिफारस आहे 30 ते 50 टक्के. लेकीचे नाक आणि नेच्याची पाने दोन्ही एकाच कारणाने फुटत होती, आणि ज्याला मी औषध म्हणून आणले तो दुसरा पेशंट निघाला.

आता थोडे गणित. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी एक परिच्छेद सोडावा, माझी हरकत नाही. थंड हवेत पाण्याची वाफ फार मावत नाही. उणे 10 सेल्सिअसला एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त सव्वादोन ग्रॅमच्या आसपास, तर 21 सेल्सिअसला सुमारे 18 ग्रॅम. बाहेरची हवा फटींतून आत येते, आपण ती तापवतो, वाफ तेवढीच राहते, म्हणून आर्द्रता 12-13 टक्क्यांवर येते. आमचे अपार्टमेंट हजार चौरस फुटांचे, म्हणजे सुमारे 226 घनमीटर हवा. ती दर दोन तासांनी बदलते असे धरले, तर 40 टक्के आर्द्रता टिकवायला दिवसाला साडेतेरा लिटर पाणी हवेत जायला हवे. श्वास, स्वयंपाक आणि आंघोळी यांतून काही लिटर मिळतात, बाकीचे कोण देणार? नेचा? त्याला मी आठवड्याला एक लिटर पाणी घालत होतो. कुंडीत घातले त्याहून जास्त तो हवेत सोडणार कुठून? दिवसाला जेमतेम दीडशे मिलिलिटर. सगळा भार त्याच्यावर टाकायचा तर शंभर नेचे लागले असते, आणि मग राहायला आम्हीच बाहेर.

हवा शुद्ध होण्याचेही तसेच. नासाचा 1989 चा प्रयोग खरा आहे, पण तो बंद पेटीत केलेला होता. घर म्हणजे बंद पेटी नव्हे. ड्रेक्सेल विद्यापीठाच्या कमिंग्ज आणि वॅरिंग यांनी 2019 साली असे अनेक प्रयोग एकत्र तपासले. खिडक्या-फटींतून होते तेवढी सफाई झाडांकडून करून घ्यायची तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडे लागतील, असे त्यांनी दाखवले. गंमत अशी की एकोणिसाव्या शतकात लंडनच्या डॉ. नॅथॅनिएल वॉर्ड यांना बागेत नेचे जगवता येईनात, कारण कोळशाचा धूर. 1829 साली बंद बाटलीत आपोआप उगवलेला नेचा त्यांनी पाहिला आणि त्यातून झाडांसाठी काचेच्या पेट्या निघाल्या. म्हणजे तेव्हा हवेपासून नेच्याला वाचवत होते, नेच्याकडून हवेला नव्हे.

मग आम्ही काय केले? आधी फटी बुजवल्या. दाराखालून हात गार पडेल एवढी हवा येत होती. दाराला रबरी पट्टी, खिडक्यांना प्लॅस्टिकची फिल्म, सगळे मिळून चाळीसेक डॉलर. बाहेरची हवा निम्मी झाली की लागणारे पाणीही निम्मे होते, आणि ती हवा तापवायचा खर्चही. त्या वर्षी हीटिंगचे बिल कमी आले, पण हिवाळाही जरा सौम्य होता, तेव्हा श्रेय किती कोणाला हे छातीठोकपणे सांगत नाही. ज्यांच्याकडे गॅसचे हीटिंग आहे त्यांनी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना हे पाहावे आणि हवेसाठी मुद्दाम ठेवलेली वाट बुजवू नये.

ह्युमिडिफायर त्यानंतर घेतला, म्हणून लहानात भागले. टाकी रोज रिकामी करून कोरडी पुसावी, दर तिसऱ्या दिवशी नीट धुवावी, नाहीतर त्यातले जंतू आपणच घरभर उडवतो. अल्ट्रासॉनिक प्रकार असेल तर नळाऐवजी डिस्टिल्ड पाणी वापरावे, म्हणजे फर्निचरवर पांढरी पूड बसत नाही. आणि काचांवर पाणी साचू लागले की यंत्र कमी करावे, नाहीतर बुरशी. कडाक्याच्या थंडीत आम्ही 30 टक्क्यांवरच समाधान मानतो. लेकीचा घोळणा त्या हिवाळ्यात पुन्हा फुटला नाही. तरी सांगतो, कोणाचा वारंवार फुटत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

तिसरा नेचा अजून आहे. उत्तरेच्या खिडकीत, उजेड भरपूर पण ऊन नाही. माती ओलसर, चिखल नाही. बोट लावून पाहावे. पंधरवड्यातून एकदा त्याला बाथटबमध्ये शॉवरखाली आंघोळ. फवारणी बंद केली, ते पाणी काही मिनिटांत उडून जाते. खत फक्त उन्हाळ्यात आणि अर्ध्या मात्रेत. मांजर-कुत्र्यांना हा नेचा विषारी नाही. मात्र ‘अ‍ॅस्परॅगस फर्न’ नावाने मिळणारे झाड नेचाही नव्हे आणि पाळीव प्राण्यांना निरुपद्रवीही नव्हे. घेताना पाटी नीट वाचा.

बॉस्टन फर्नला दोऱ्यासारखे लांब धुमारे फुटतात. शेजारच्या कुंडीतल्या ओल्या मातीवर टेकवले की ते रुजतात. सध्या खिडकीत चार रोपे तयार आहेत. पाडव्याच्या कार्यक्रमाला घेऊन येईन. ज्यांना हवीत त्यांनी आपल्या घरच्या हायग्रोमीटरचा आकडा सांगावा आणि रोप न्यावे. पंचवीसच्या खालच्यांना मिळणार नाही.