अंड्याचे कवच आणि खाद्यातील उपकारक जिवाणू

रत्नागिरी जिल्ह्यात शिमग्यापासून मृगापर्यंत हवा उष्ण व दमट असते. या दिवसांत अंड्यांची कवचे पातळ होतात व बाजारात पोहोचेपर्यंत टोपलीतील काही अंडी फुटतात. अशा वेळी प्रोबायोटिकची पुडी आणावी काय, असे कोंबड्या पाळणारे शेतकरी गावपातळीवरील कार्यकर्त्यांना विचारतात. उत्तर देण्यापूर्वी कवच कसे बनते हे पाहणे इष्ट होय.

एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. ते घडण्यास सुमारे २० तास लागतात व त्यातील पुष्कळसे काम रात्री होते. उष्म्याने कोंबडी धापा टाकू लागली म्हणजे तिच्या रक्तातील कार्बन डायऑक्साइड वायू अधिक प्रमाणात बाहेर पडतो आणि कवचास लागणारे कार्बोनेट कमी पडते. शिवाय ती खातेही कमी. म्हणून सावली, खेळती हवा व थंड पाणी यांची सोय आधी करावी. खाद्यात कॅल्शियम शेकडा साडेतीन ते चार असावे. आपल्या किनाऱ्यावर कालवांचे व तिसऱ्यांचे शिंपले मिळतात. ते गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, भरड कुटून सायंकाळी द्यावेत. भरड तुकडे पेषणीत हळूहळू विरघळतात व रात्रभर चुना पुरवतात. बारीक पिठाने हे साधत नाही.

प्रोबायोटिक म्हणजे आतड्यातील उपकारक जिवाणू किंवा यीस्ट जिवंत स्थितीत खाद्यातून देणे. हे जिवाणू आतड्यात जागा व अन्न व्यापून रोगकारक जंतूंना थारा देत नाहीत. प्रौढ कोंबडीच्या आतड्यातील जंतू पिलांस पाजल्यास साल्मोनेलाची बाधा कमी होते, असे फिनलंडमधील संशोधकांनी १९७३ साली दाखविले. आतडे निरोगी असल्यास चुनाही अधिक अंगी लागतो. काही प्रयोगांत कवच जाड झाले, काहींत फरक पडला नाही. शिंपल्यांची उणीव मात्र पुडीने भरून निघत नाही.

पुडी घ्यावयाची तर मुदत पाहावी. लॅक्टोबॅसिलस उष्णतेने व ओलाव्याने लवकर मरतात. बॅसिलसचे बीजाणू अधिक टिकतात. कोकणच्या पावसाळ्यात हा भेद महत्त्वाचा आहे. उघडी पुडी दमट जागी ठेवू नये, गरम पाण्यात कालवू नये. प्रतिजैविक औषध चालू असता ती देणे बहुधा व्यर्थ होय. बुरशी लागलेले खाद्य तर कोणत्याही पुडीने सुधारत नाही. ते टाकूनच द्यावे. कोलिस्टिन हे प्रतिजैविक कोंबड्यांना देण्यास भारतात २०१९ पासून बंदी आहे, हेही दुकानदाराच्या आग्रहापुढे विसरू नये.

ताक पाजण्याची जुनी रीत वाईट नाही. मात्र ते जस्ताच्या भांड्यात ठेवू नये, आंबटपणाने जस्त विरघळून कोंबड्यांना बाधते.

खर्च करण्यापूर्वी एकाच वयाच्या कोंबड्यांचे दोन गट करावेत. शिंपले दोघांनाही, पुडी एकालाच. महिनाभर रोजची एकूण व तडकलेली अंडी वहीत मांडावीत आणि वाचलेल्या अंड्यांची किंमत पुडीच्या किमतीशी ताडून पाहावी.