छंदातून उत्पन्न : पांढुर्णा-सौंसरमधील गैरसमज आणि वस्तुस्थिती

छंद आणि व्यवसाय यांत हात तोच असतो, कसबही तेच असते. फरक पडतो तो गिऱ्हाईक, हिशेब आणि कायदा यांमुळे. पांढुर्णा आणि सौंसर ही मध्य प्रदेशातील मराठी बोलणारी गावे 2023 पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होती. त्या वर्षी पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. पांढुर्ण्याचा आणि सौंसरचा असे दोन्ही हमरस्ते सावनेरला मिळतात आणि तेथून नागपूरला जातात. त्यामुळे येथील हुन्नरी माणसाची जवळची मोठी बाजारपेठ दुसऱ्या राज्यात आहे. कुरडया-पापड, मसाले, शिवण-भरतकाम, संत्र्याची कलमे, हार्मोनियमची शिकवणी असे अनेक छंद या भागात उत्पन्न देऊ शकतात. अडचणी येतात त्या बहुधा पुढील समजुतींमुळे.

गैरसमज 1 : सगळे वाखाणतात, म्हणजे माल खपेल.

वस्तुस्थिती : पाहुण्याला सांडगे फुकट मिळतात, गिऱ्हाईक त्यांचे पैसे मोजते. त्यामुळे कौतुकावरून मागणीचा अंदाज करता येत नाही. खरी कसोटी दुसऱ्या खरेदीची. थोडा माल पूर्ण किमतीला अनोळखी लोकांना विकावा आणि महिना-दोन महिन्यांत त्यांपैकी किती जण परत आले ते लिहून ठेवावे. परत आलेले गिऱ्हाईक चवीइतकेच सारखेपणालाही महत्त्व देते. मागच्या खेपेची कुरडई पांढरीशुभ्र आणि या खेपेची काळपट असेल, तर तिसरी खेप जात नाही. घरच्या स्वयंपाकात अंदाजाने चालते; विक्रीसाठी माप ठरवावे लागते. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ 1970 मध्ये आले आणि घरोघरी पोचले. त्यात पाककृती वाटी-चमच्याच्या मापात दिल्या होत्या, म्हणून नवख्या हातालाही त्या जमल्या. त्याच उदाहरणातून हेही दिसते की छंदाची वस्तूच विकली पाहिजे असे नाही. शिकवणे आणि लिहिणे हेही उत्पन्नाचे मार्ग आहेत.

गैरसमज 2 : किमतीतून सामानाचा खर्च वजा केला की नफा उरतो.

वस्तुस्थिती : सर्वांत जास्त नुकसान या समजुतीने होते. उदाहरणादाखल, समजा एक किलो कुरडईला गहू, तेल आणि मीठ मिळून 80 रुपये लागले आणि ती 250 रुपयांना विकली. नफा 170 रुपये वाटतो. पण इंधन 20, पिशवी व लेबल 15, नागपूरच्या खेपेचा वाटा 15 आणि तुटफुटीचे 10 धरले, तर आणखी 60 रुपये जातात. उरतात 110. गहू भिजवणे, चीक काढणे, तो शिजवणे, कुरडया घालणे आणि वाळवणे यांत दर किलोमागे तीन तास गेले असतील, तर तासाला 37 रुपयेही सुटत नाहीत. स्वतःची मजुरी खर्चात धरली नाही, तर घरातल्या बाईचे कष्ट फुकट विकले जातात. विक्री वाढते तसा हा तोटाही वाढतो. म्हणून साहित्य, इंधन, बांधणी, वाहतूक, नासधूस आणि मजुरी अशी सहा खाती वहीत आधी मांडावीत आणि किंमत त्यानंतर ठरवावी.

गैरसमज 3 : घरी केलेल्या खाद्यपदार्थाला नोंदणी लागत नाही.

वस्तुस्थिती : अन्न सुरक्षा आणि मानके कायदा 2006 चा आहे. विक्रीसाठी पदार्थ करणाऱ्याला तो लागू होतो, मग चूल घरातली असो वा कारखान्यातली. त्याखालील 2011 च्या विनियमांनी वर्षाला 12 लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या उत्पादकासाठी परवान्याऐवजी साधी नोंदणी ठेवली आणि तिचे शुल्क वर्षाला 100 रुपये ठरवले. नोंदणीचा 14 अंकी क्रमांक पाकिटावर छापायचा असतो. त्याशिवाय घटकपदार्थ, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवस टिकेल, उत्पादकाचा पत्ता आणि शाकाहारी पदार्थाचे हिरवे चिन्ह या गोष्टी लागतात. नागपूरच्या दुकानदाराने माल ठेवून घ्यावा असे वाटत असेल, तर हे लेबल तयार असावे लागते.

फळझाडांच्या कलमांचेही तसेच आहे. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरण्याचे कसब या पट्ट्यात घराघरांत सापडते, आणि पलीकडे वरूड तालुक्यातले शेंदूरजनाघाट संत्र्याच्या रोपवाटिकांसाठीच ओळखले जाते. परंतु फळरोपे विकण्यासाठी मध्य प्रदेशात रोपवाटिकेचा परवाना लागतो. रोगट डोळ्यापासून केलेले कलम शेतकऱ्याच्या लक्षात येईपर्यंत काही वर्षे गेलेली असतात आणि बाग हातची जाते, म्हणून हे बंधन आहे. रोगमुक्त मातृवृक्षांबाबत नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था मार्गदर्शन करते.

गैरसमज 4 : उलाढाल लहान असेल तर जीएसटीचा संबंध येत नाही.

वस्तुस्थिती : राज्याच्या आत वस्तू विकणाऱ्याला मध्य प्रदेशात वर्षाला 40 लाखांपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला 20 लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. राज्याची सीमा ओलांडली की चित्र बदलते. करपात्र वस्तू दुसऱ्या राज्यात पुरवणाऱ्याला उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी घ्यावी लागते. छिंदवाड्याला मसाला पाठवणारी आणि नागपूरला मसाला पाठवणारी अशा दोन उत्पादकांची स्थिती यामुळे वेगळी होते, अंतर सारखे असले तरी.

याला काही अपवाद आहेत. पापड करमुक्त आहे. केवळ करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही, मग गिऱ्हाईक कोणत्याही राज्यातले असो. झाडांची रोपेही करमुक्त आहेत. शेवया, मसाले आणि लोणची मात्र करपात्र आहेत. अधिसूचित हस्तकला वस्तूंना परराज्यातील विक्रीसाठी 20 लाखांपर्यंत सूट आहे, पण पॅन आणि ई-वे बिल आवश्यक असते. शिकवणीसारखी सेवा परराज्यातल्या विद्यार्थ्याला दिली तरी 20 लाखांची मर्यादाच लागू होते. ऑनलाइन विक्रीमंचावर ऑक्टोबर 2023 पासून नोंदणी नसलेल्या लहान विक्रेत्यालाही वस्तू विकता येतात, मात्र आपल्या राज्यातच.

गैरसमज 5 : मोठे भांडवल हवे, आणि ते सरकार फुकट देते.

वस्तुस्थिती : दोन्ही भाग चुकीचे आहेत. लिज्जत पापडाची सुरुवात 15 मार्च 1959 रोजी मुंबईच्या गिरगावात सात गृहिणींनी उसन्या 80 रुपयांवर केली. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. घरातल्या छंदाला पहिल्या वर्षी यंत्रापेक्षा खेळते भांडवल जास्त लागते, कारण सामान आज रोखीने घ्यावे लागते आणि दुकानदार पैसे उशिरा देतो.

सरकारी योजना बहुतेक कर्जाशी जोडलेल्या असतात. 2015 मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात 50,000 रुपयांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळते, आणि ते फेडायचे असते. सूक्ष्म खाद्य उद्योगांसाठी 2020 मध्ये आलेल्या केंद्रीय योजनेत प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख, इतके अनुदान ठेवले गेले; उरलेला भार बँकेचे कर्ज आणि स्वतःचा वाटा यांनी उचलायचा. पारंपरिक हस्तव्यवसायांसाठी 2023 ची विश्वकर्मा योजना आहे आणि तिच्या 18 व्यवसायांत शिंपीकामही येते. लहान उद्योगांसाठीची ‘उद्यम’ नोंदणी पूर्णपणे मोफत आहे. तिच्यासाठी मध्यस्थाला पैसे देण्याचे कारण नाही. बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था ग्रामीण तरुणांना विनामूल्य शिकवतात.

गैरसमज 6 : नोकरी सांभाळून केलेली छंदाची कमाई वेगळी दाखवावी लागत नाही.

वस्तुस्थिती : सातत्याने विक्री होत असेल, तर तो आयकराच्या दृष्टीने व्यवसाय आहे आणि ते उत्पन्न पगारात मिळवून विवरणपत्रात दाखवावे लागते. लहान व्यावसायिकाला गृहीत उत्पन्नाची सोय आहे : रोख उलाढालीच्या किमान 8 टक्के आणि बँकेतून वा डिजिटल मार्गाने आलेल्या उलाढालीच्या किमान 6 टक्के नफा धरून कर भरता येतो. शासकीय शिक्षक व कर्मचारी यांना सेवेचे आचरण नियमही लागू होतात. त्यांनी व्यापार सुरू करण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी.

गैरसमज 7 : आवडीच्या कामाचा कंटाळा येत नाही, आणि पैसा दरमहा येत राहतो.

वस्तुस्थिती : वाळवणाचे काम उन्हाळ्याचे, कलमे विकण्याचा हंगाम पावसाळ्याचा, शिवणाची गर्दी पोळ्यापासून दिवाळीपर्यंत आणि पुढे लग्नसराईत. वर्षाचे उत्पन्न बारा महिन्यांवर वाटून खर्च आखला नाही, तर रिकाम्या महिन्यांत भांडवलच घरखर्चात जाते.

आवडीचेही तसेच. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालवाडीतील मुलांवर प्रयोग केला. आधी कबूल करून बक्षीस दिलेल्या मुलांची चित्रकलेची ओढ पुढे कमी झाली. अनपेक्षित बक्षीस मिळालेल्यांची झाली नाही. मोबदला ठरला की काम मोबदल्यासाठी केल्यासारखे वाटू लागते. म्हणून छंदाचा एक भाग विक्रीपासून वेगळा ठेवणे हिताचे असते : एखादे भरतकाम घरासाठी, एखादे कलम स्वतःच्या परसात, एखादी संध्याकाळ भजनी मंडळासाठी. मागणी कितीही आली तरी आठवड्याचे तास ठरवून घ्यावेत आणि त्यापलीकडच्या कामाला नकार द्यावा. ज्या हातांवर हे उत्पन्न उभे असते, ते हात त्यामुळे टिकतात.