पोलिओऐवजी सॅनिटायझर! 'चूक कुणाची?' एवढंच विचारून का भागत नाही?

३१ जानेवारी २०२१. पोलिओचा रविवार. यवतमाळच्या घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात आईवडील मुलांना घेऊन बूथवर आले. तिथे पाच वर्षांखालच्या १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी चक्क हॅन्ड सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात दाखल करावं लागलं. सुदैवाने त्यांची प्रकृती स्थिर राहिली.

तिघांना निलंबित करणार, असं प्रशासनाने जाहीर केलं. लोकांचा रागही साहजिक होता. पण तीन माणसं बदलली म्हणून पुढच्या बूथवर अशी चूक होणार नाही, याची खात्री कोण देणार?

माणूस चुकणारच, मग?

रुग्णसुरक्षेचे अभ्यासक इथूनच सुरुवात करतात. माणूस थकतो, घाईत असतो, सवयीने हात पुढे करतो. त्यामुळे 'लक्ष देऊन काम करा' एवढी सूचना पुरत नाही. कामाची मांडणीच अशी हवी की चूक करणं अवघड जावं आणि झालीच तर वेळीच पकडली जावी.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी यासाठी भोकं असलेल्या चीजच्या चकत्यांचं उदाहरण दिलं. प्रत्येक चकती म्हणजे सुरक्षेचा एक थर. एका थरातून निसटलेली चूक पुढचा थर अडवतो. सगळ्या थरांची भोकं एका रेषेत आली, की अपघात होतो.

आता बूथकडे पाहा. सॅनिटायझर आणि लस एकाच टेबलावर असतील का? थेंब देण्याआधी लेबल वाचलं जातं का? दुसरं कुणी तपासतं का?

उत्तर बाटलीवरच

पोलिओ लसीच्या बाटलीवर एक वर्तुळ आणि त्यात फिकट चौकोन असतो. लसीला उष्णता लागत गेली की चौकोन गडद होतो. तो वर्तुळाइतका गडद झाला, तर लस वापरायची नाही. जागतिक पातळीवर १९९६ मध्ये या चिन्हाची सुरुवात पोलिओ लसीपासूनच झाली. आता लस खराब झाली का, याचा अंदाज बांधावा लागत नाही, बाटलीच सांगते. आणि हे चिन्ह पाहूनच थेंब द्यायची सवय असेल, तर चुकीची बाटलीही हातातच ओळखू येईल.

ऑपरेशन थिएटरमध्येही हेच. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये १९ मुद्द्यांची यादी आणली. रुग्ण कोण, शस्त्रक्रिया कुठली, हे सगळ्यांनी मोठ्याने बोलून खात्री करायची. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं.

मग जबाबदार कुणीच नाही?

तसं नाही. जाणूनबुजून नियम मोडणाऱ्यावर कारवाई हवीच. पण नकळत चुकलेल्यालाही तीच शिक्षा झाली, तर पुढचा माणूस चूक लपवेल. लपलेल्या चुकीतून कुणीच शिकत नाही.

सुरक्षेचा एक थर तुम्हीही आहात. पुढच्या वेळी बाळाला डोस देताना फक्त विचारा, "ताई, ही कुठली लस? बाटली दाखवता का?"